पांढऱ्या सदऱ्यावरचं मोहोळ

१

तात्या सावे गेले ते गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास, आणि साडेदहा वाजता चिंचणीतल्या निम्म्या गावाला मारेकरी कोण ते ठाऊक झालं होतं. एवढी घाई या गावाला एरवी कशाचीच नसते.

तात्यांच्या चिकूच्या वाडीत विहिरीला लागून एक जुना आंबा आहे. त्याच्या खालच्या आडव्या फांदीला दर हिवाळ्यात आग्यामोहोळ लागतं. बारा वर्षं तात्या त्या फांदीखाली बसून चिकू निवडत आले होते आणि बारा वर्षांत त्यांना एक माशी चावली नव्हती. गुरुवारी मात्र मोहोळ उठलं ते थेट त्यांच्यावरच तुटून पडलं. जावयानं उचलून इस्पितळात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

झाडाखाली सुक्या पाल्याची एक चूड सापडली. मध काढताना धुरासाठी पेटवतात, तसली. ती झिपरूची होती. झिपरू डोंगराकडून आलेला, तात्यांच्या वाडीवर कामाला होता आणि त्या वेळी तिथंच हजर होता. चार दिवसांपूर्वी मोहोळ काढण्यावरून त्याची नि तात्यांची चांगलीच बोलाचाली झाली होती. मग गावाला आणखी काय हवं?

शनिवारी सकाळी मंजुळाबाई चुरी गॅसच्या शेगडीपासून चार हातांवर पेपर वाचत बसल्या होत्या. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि तात्यांच्या शेजारच्याच वाडीत एकट्या राहत होत्या. दारातून आवाज आला, "बाय, काय तरी जळतं हाय."

दूध करपून पातेल्याचं बूड काळं पडलं होतं. मंजुळाबाईंनी गॅस बंद केला आणि तिथंच उभ्या राहिल्या. चार वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचं नाक गेलं ते परत आलंच नाही. फुलं, फोडणी, पहिल्या धारेचं दूध, सगळं त्यांच्यापुरतं संपलं होतं. घर पेटलं तरी आपल्याला शेजाऱ्यांकडून कळेल, असं त्या हसून सांगायच्या. मनातून त्यांना त्याची भीती वाटायची.

दारात झिपरूची बायको नवसी उभी होती. डोळे रडून सुजलेले.

"बाय, त्याला काल संद्याकाळी नेला. आज दिवस मावळायच्या आत लिवून घेनार म्हंतात, तात्याला यानंच मारला म्हनून. लोकांनी आमच्या झोपडीतलं सामान रस्त्यावर काडलं. तो साहेब तुमच्या हाताखाली शिकला ना? तुमी सांगा त्याला. माजा मानूस तात्याला बापावानी मानायचा."

मंजुळाबाईंची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या टोपलीवर गेली. आज शनिवार. दर शनिवारी तात्या त्या टोपलीत आठ-दहा चिकू आणून टाकायचे, त्यातला एक नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "गुळाच्या ताज्या ढेपेसारखा वास आहे बघा, बाई. मागून थोडा ओल्या मातीचा." चार वर्षं दर शनिवारी हेच वाक्य. बाईंना त्या वाक्याचाच वास यायचा. आता ते कुणी म्हणणार नव्हतं, आणि हे त्यांना आत्ता, करपलेल्या पातेल्यासमोर, पहिल्यांदा नीट कळलं.

"चल," त्या म्हणाल्या आणि पायात चपला सरकवल्या.

२

शैलेश फौजदार झाला तरी बाईंना बघून उठून उभा राहायचा.

"बाई, तुम्ही कशाला आलात? मी आलो असतो." त्यानं खुर्ची पुढे केली. "मलाही हे पटत नाहीये. पण गाव ऐकत नाही. चूड त्याची, भांडण त्याचं, आणि मोहोळात काड्या घालायची कला गावात त्याच्याशिवाय कुणाला येते?"

"माशांचे काटे कुठे होते अंगावर?"

शैलेशनं कागद उलटला. "दोन्ही तळहात आणि छातीची डावी बाजू. दोनशेच्या वर. तोंडावर वीसेक."

"तळहातांवर?" बाई थबकल्या. माशी चवताळली की डोळे, नाक, डोकं शोधते. तळहातात तिला काय मिळणार होतं? "खिशात काय होतं?"

"काही नाही. खिसा रिकामा."

झिपरूला आणलं. अंगावर तोच गुरुवारचा लालभडक टीशर्ट, कुठल्याशा निवडणुकीत फुकट वाटलेला. तो भिंतीला टेकून उकिडवा बसला आणि बाईंकडे न बघता बोलला.

"बाय, मोहोळ आमी दिसा काडत नाय. आवसेला काडतो. उजेडात माशीला दिसतं, चांदन्यातबी दिसतं. काळोखात ती आंदळी. माजा बाप, त्याचा बाप, कोनी दिसा हात लावला नाय. आवस मंगळवारी हाय. चूड मी तवासाटी बांदून ठेवलेली."

"मग भांडलास कशाला तात्यांशी?"

"ते म्हनाले या साली काडू नको, फुलांवर बसतात, चिकू चांगला धरतो. मी म्हनालो निम्मा सोडतो. तेवडंच."

चूड कोरी होती, तिला काजळीचा ठिपकाही नव्हता. हे शैलेशनंही मान्य केलं. "पण दगड मारला असेल, बाई."

"तुला किती चावल्या रे?" बाईंनी झिपरूला विचारलं.

"नऊ. तात्याला घोंगडी टाकाया गेलो तवा."

"तात्यांपासून किती लांब होतास?"

"दोन हात. मी टोपली उचलत होतो. तात्या बसले, खिशातनं फडका काडला नि हात पुसाया लागले. चीक लागलेला ना. मंग वर घुंईं झाली." मग हळूच म्हणाला, "टिप्या मातर सकाळपासनं त्यांच्याजवळ येत नव्हता. रोज पायाशी झोपतो. त्या दिशी फाटकातच शिंकला नि लांब जाऊन बसला. कुतऱ्याला कळतं, बाय."

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

"शैलेश, आठवीत शिकवलं होतं मी तुम्हाला. मधमाशीला कोणता रंग दिसत नाही?"

शैलेश कान खाजवू लागला. "तांबडा?"

"तांबडा तिला काळा दिसतो. आणि काळ्यावर ती आधी तुटून पडते, कारण तिच्या घरावर येणारं अस्वल काळं असतं. झिपरूच्या अंगावर तांबडा टीशर्ट, डोक्यावर काळे केस, आणि तो दोन हातांवर उभा. तात्यांची टोपी पांढरी, सदरा पांढरा. डोळ्यांनी ठरवलं असतं तर आज झिपरू मेला असता." बाईंचा आवाज खाली आला. "माशांनी तात्यांना डोळ्यांनी शोधलं नाही. आणि तो फडका कुठे गेला, शैलेश? तुझ्या यादीत तो नाही."

३

गुरुवारी वाडीच्या कुंपणापलीकडे आणखी एकजण होता. मेहुल नावाचा पोरगेला माणूस, लग्नांचं चित्रीकरण करणारा. धरमपूरकडच्या डोंगरातला, एका लग्नासाठी चार दिवस चिंचणीत उतरलेला. नारळांच्या रांगेवरून तो ड्रोन उडवत होता. त्या भिरभिऱ्यानंच मोहोळ उठवलं असेल, अशी शैलेशलाही शंका होतीच. त्यानं बाईंबरोबर एक हवालदार दिला.

हवालदार बघून मेहुलचा चेहरा उतरला. "आंटी, मैने कुछ नहीं किया. ड्रोन लांब होता. बघा ना तुम्ही."

त्यानं लॅपटॉप उघडला. वरून वाडी दिसत होती: हिरव्या गोल झाडांमध्ये विहीर, आंबा आणि पानांच्या फटीत पांढरी टोपी. तात्या आले. बसले. गुडघ्यावर हात टेकून बसताना त्यांना त्रास झाला ते एवढ्या उंचीवरूनही कळत होतं. बाईंनी पदर तोंडाशी धरला. तात्यांनी खिशातून काहीतरी पांढरं काढलं आणि हात चोळले. बाई मनात मोजू लागल्या. बारापर्यंत पोचल्या तेव्हा फांदीवरची काळी ढाल थरथरली आणि तिचा एक पदर सुटून सरळ खाली आला. वर नाही, आजूबाजूला नाही. लाल ठिपका बाजूलाच होता. माशा त्याच्या बाजूने गेल्या. लाल ठिपका आधी पळाला, मग थांबला आणि घोंगडी घेऊन उलटा फिरला.

"ड्रोनला एकपण माशी नाय आली," मेहुल म्हणाला. "नंतर मी घाबरून वर घेतला."

"तू स्वतः कुठे उभा होतास?"

"कुंपणाला. वारा माझ्याकडेच येत होता."

वासाचा एक प्रश्न बाईंनी सकाळपासून पाच जणांना विचारला होता. नवसीला, झिपरूला, दोन शेजाऱ्यांना, हवालदारालाही. ज्यांना स्वतःचं नाक नाही त्यांना दुसऱ्यांची नाकं उसनी घ्यावी लागतात. पाचही जणांनी सांगितलं होतं, कसला वास? काही नव्हता. बाईंनी सहाव्यांदा विचारलं.

"तुला कसला वास आला का रे?"

"आला ना," मेहुल चटकन म्हणाला. "पके केले की खुशबू. एकदम जोराची. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तर मला भूकच लागली. मी विचार केला, वाडीत केळी पिकायला ठेवली असणार."

हवालदार हसला. बाई हसल्या नाहीत.

तात्यांच्या वाडीत चिकू होता, नारळ होता, एक आंबा होता. केळीचा खुंटही नव्हता.

४

तात्यांच्या घरी तिसऱ्या दिवसाचं सगळं उरकून बायका परतल्या होत्या. ओटीवर तात्यांची लेक शालू गुडघ्यात मान घालून बसली होती. आई गेल्यापासून बापाचं सगळं तिनंच केलं. लग्नही अशा माणसाशी केलं की जो इथंच येऊन राहील. जावई कमलेश बोईसरच्या एका कारखान्यात कामाला. आज तो घरात दिसत नव्हता.

"पहिल्या पाळीला गेलेत," शालू म्हणाली. "मी म्हटलं, तिसऱ्याच दिवशी? तर म्हणाले, सुट्टी नाय मिळत. लोक काय बोलतील ते बोलतील."

बाई तिच्या शेजारी टेकल्या. काय विचारायचं ते ठरवून आल्या होत्या, पण आता जिभेवर येईना. त्यांनी शालूचा हात हातात घेतला, आणि त्या हाताकडे बघतच राहिल्या.

चिकूच्या हंगामात या किनाऱ्यावर कुणाचेही हात बघा. फळाचा चीक बोटांना बसतो, त्यावर धूळ बसते, आणि फेब्रुवारीत अख्ख्या गावाचे तळवे काळे नि चिकट असतात. रॉकेल, राख, खोबरेल, काही करा, रेघांमधला काळा जात नाही. नवसीचे तसे होते. झिपरूचे तसे होते. शालूचे तळवे लख्ख गोरे होते. कोरडे, भेगाळलेले, पण स्वच्छ.

"हात छान निघालेत गं तुझे."

"हे?" शालूनं ओलं नाक खांद्याला पुसलं. "यांनी औषध आणून दिलंय. कामावरचं. दोन थेंब फडक्यावर घेतले की चीक लोण्यासारखा निघतो. आठ दिवस झाले. तात्यांचे तर किती वर्षांनी निघाले. त्यांना म्हटलं, गुडघे दुखतात तर हात धुवायला घरापर्यंत येऊ नका सारखे, मी..." ती थांबली. "त्या सकाळी फडका चांगला भिजवून दिला मी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला. खूश झाले होते, बाई. म्हणाले, माझी पोर माझे पायसुद्धा वाचवते."

बाईंनी तिचा हात हळूच सोडला.

अंगणात टिप्या पडला होता. शालूनं सवयीनं हात पुढे केला तसा तो शेपटी हलवत आला, बोटांपर्यंत पोचला, शिंकला आणि मागे सरकला.

"असाच करतो आठ दिवस," शालू म्हणाली. "माझ्यावर रुसलाय."

"ती बाटली कुठाय, शालू?"

"तीच शोधतेय, बाई. गुरुवारपासून सापडत नाय."

५

बोईसरच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता बाईंना पूर्वी नाकानं कळायचा. कुठल्या वळणावर सडकं अंडं, कुठल्या फाटकाशी फिनेल, कुठल्या भिंतीपाशी गोड गोड काहीतरी. नव्या माणसाला इथं मळमळतं. जुन्याला काही वाटत नाही. वारा फिरला की तेच वास शेतावरून, वाड्यांवरून समुद्रापर्यंत जातात, आणि माणसं म्हणतात, आज हवा स्वच्छ आहे.

तीन वाजता पाळी सुटली. कमलेश फाटकातून बाहेर आला, टपरीवर बसलेल्या बाईंना त्यानं पाहिलं आणि डब्याची पिशवी त्याच्या हातून जवळजवळ सुटलीच.

"बस," बाई म्हणाल्या. "चहा घे. तुमच्या कारखान्यात काय बनतं रे?"

"सेंट, बाई. खायचे वास. अननस, केळं, व्हॅनिला. बिस्किटवाल्यांना जातात."

"केळ्याचा अर्क. तोच रंग पातळ करायलाही वापरतात. चीकही विरघळवतो."

कमलेशनं डब्याची पिशवी मांडीवर ओढली.

"मधमाशी काटा मारते ना, कमलेश, तेव्हा नुसतं विष सोडत नाही. एक वास सोडते. तो वास म्हणजे तिची हाक असते: शत्रू इथं आहे, या. बाकीच्या तिथंच येऊन काटे मारतात, आणि प्रत्येक काट्याबरोबर हाक वाढत जाते. आपल्या नाकाला ती हाक पिकलेल्या केळ्यासारखी लागते. त्यातलं मुख्य द्रव्य आणि तुमच्या पिंपातलं, एकच." बाईंनी कप खाली ठेवला. "वाऱ्यानं विरून येतं तेवढ्यानं मोहोळ हलत नाही. पण तात्यांनी पिशवीतून भिजलेला फडका काढला तो फांदीच्या खाली. हातांना चोळला. ज्या खिशातून काढला तो डाव्या छातीवर. माशांना वाटलं, त्यांच्यातल्या शेकडो जणी तिथं ओरडताहेत. त्या तळहातांवर गेल्या, खिशावर गेल्या. शेजारचा लाल टीशर्ट त्यांना ऐकूच आला नाही म्हण हवं तर. आणि तात्यांना पहिल्यांदा उचललंस तू. फडका तेव्हापासून नाही. बाटली तेव्हापासून नाही. तिसऱ्या दिवशी सुतकात तू कामावर आलास ते का, ते तूच सांग."

कमलेशनं डोळे पुसले नाहीत. गालांवरून तसंच वाहू दिलं.

"परत पिंपात ओतायला आणली होती, बाई. सायबाची नजर हटली नाय. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका हेल्परच्या अंगावर हेच सांडलं, तो गच्चीवर सुकायला गेला तर माशांनी धरला. वाचला तो. तवा सगळे हसलो आमी. बाटली घरी आणताना मला ते आठवलंच नाय. तात्यांना उचलला, फडका हाताला लागला, तवा आठवलं." त्यानं पिशवीवर हात ठेवला. "नोकरीचं भ्या नव्हतं असं नाय म्हणत. होतं. पण त्याच्यापेक्षा शालू. तिनं सोताच्या हातानं भिजवून दिला, बाई. तिला कळलं तर ती जगंल काय?"

"आणि झिपरू?"

"त्याला सोडतील. पुरावा कुठाय?"

"त्याचं सामान रस्त्यावर आहे. आज सुटला तरी जन्मभर तात्यांना मारणारा म्हणूनच जगेल. तो, नवसी, त्यांची पोरं." बाईंना राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. "तो घोंगडी घेऊन परत फिरला, कमलेश. मी पाहिलंय. पळाला होता, तरी परत फिरला."

कमलेशनं रस्त्याकडे पाहिलं. मग पिशवी उघडली. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, निम्मी भरलेली. त्यानं तिचं बूच काढून नाकाशी नेलं आणि मान हलवली.

"मला तर पाण्यासारखी लागते."

"तूच सांग तिला," बाई म्हणाल्या. "मी बरोबर येते."

६

कमलेशला सांगता आलं नाही. उंबऱ्यात पोचल्यावर त्याचं तोंडच उघडेना, आणि शालूनं त्याच्या हातातली बाटली पाहिली.

"अगंबाई, सापडली? कुठे होती?"

मग बाईंनीच सांगितलं. वर्गात सांगायच्या तसं, एकेक पायरी, कारण दुसऱ्या कुठल्या रीतीनं त्यांना ते जमलं नसतं. शालू ऐकत राहिली.

सगळं संपल्यावर तिनं बाटलीचं बूच काढलं आणि खोल श्वास घेतला. परत घेतला.

"मला काही येत नाय, बाई. कसलाच वास येत नाय. खोटं असेल हे."

शालूनं बोटावर एक थेंब घेतला आणि अंगणाकडे हात केला. "टिप्या. ये रे."

टिप्या आला. हातभरावर थांबला, दोनदा शिंकला, आणि मान खाली घालून तात्यांच्या चपलांपाशी जाऊन बसला.

शालू स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिली. कमलेश तिच्याजवळ बसायला गेला तर तिनं त्याला हातानं थांबवलं. तिनं बाटलीला बूच लावलं, ती पदरात घेतली आणि उठली.

"झिपरूला जेवायला दिलं असेल का तिथे?" तिनं विचारलं, आणि पायात चपला घातल्या.

ऊन उतरायच्या आत झिपरू सुटला. शैलेशनं अपघात म्हणून नोंद केली. कमलेशचा जबाब झाला, त्याची नोकरी गेली. ज्यांनी नवसीचं सामान बाहेर काढलं होतं त्यातल्या दोघांनी ते परत आत ठेवलं, बाकीच्यांनी त्या रस्त्यानं जायचंच टाळलं. काहीजण रॉकेल घेऊन मोहोळ जाळायला निघाले होते. शालू आंब्याखाली जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, कुणी हात लावायचा नाही.

झिपरू तिच्या मागे उभा होता. "माशीनं तात्याला वळखला नाय, शालूताय," तो म्हणाला. "तिला वाटलं तिचीच कोनी तरी हाक मारतं. म्हनून धावली." तेव्हा शालू रडली.

पुढच्या शनिवारी सकाळी मंजुळाबाईंच्या दारात पावलं वाजली. शालू होती. तिनं टोपलीत आठ चिकू ठेवले. हात काळे होते, रेघारेघांत चीक. ती जायला वळली तेव्हा बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "वास कसा आहे गं यंदा? तात्या सांगायचे मला दर वेळी."

शालू थांबली. "तात्या?"

"नाकाशी धरून सांगायचे. गुळाच्या ढेपेसारखा, मागून ओल्या मातीचा."

"बाई, तात्यांना कुठला वास येत होता? दहा वर्षं झाली त्यांचं नाक जाऊन." तिनं टोपलीतला एक चिकू सरळ केला. मग ती म्हणाली, "ते आई म्हणायची. आईचं वाक्य आहे ते."

शालू गेली. मंजुळाबाईंनी एक चिकू उचलला, तात्या धरायचे तसा नाकाशी धरला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.